फेव्हरिट घोडा हरला, चूक जॉकीची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. शेवटची रेस सुटली की स्टेशनच्या पुलापासून पनवेल लोकलपर्यंत एकच वाद चालू असतो: घोडा चांगला होता, जॉकीने घालवला. कधी ते खरं असतं. बहुतेक वेळा रेसचा निकाल जॉकी खोगिरावर बसण्याआधीच बराचसा ठरलेला असतो. कोणती हार कोणाच्या खाती टाकायची, हे पारखायला लागणारी माहिती खाली आहे.

फेव्हरिट म्हणजे नेमकं काय? तो हरला तर एवढं नवल का वाटावं?

ज्याच्यावर लोकांचा सगळ्यात जास्त पैसा लागला तो फेव्हरिट. ते पब्लिकचं मत आहे, घोड्याच्या अंगी असलेला गुण नव्हे. ठिकठिकाणच्या रेसकोर्सचा अनुभव असा की साधारण तीन फेव्हरिटांपैकी एक जिंकतो.

भाव नीट वाचला तर हे तिथेच दिसतं. एकास एक भाव, म्हणजे रुपयाला रुपया नफा, म्हणजे बाजाराच्या मते निम्मी शक्यता, एकास दोन म्हणजे तिसरा हिस्सा, एकास तीन म्हणजे पाव. त्यात बुकीचा नफा मिसळलेला असतो, म्हणून खरी शक्यता याहून थोडी कमीच धरायची. आठ रेसच्या दिवशी प्रत्येक फेव्हरिटला तिसरा हिस्सा शक्यता दिली, तर आठही हरण्याची शक्यता सुमारे चार टक्के येते. म्हणजे रेसच्या पंचवीस दिवसांत एकदा, कोणाचीही चूक नसताना, सगळे फेव्हरिट हरणार. त्या दिवशी आठ जॉकींना शिव्या घालण्यात काही अर्थ नाही.

मग जॉकीच्या हातात किती असतं?

घोड्याचं वजन साडेचारशे ते पाचशे किलो, जॉकीचं पन्नासच्या आसपास. घोड्यात नसलेला वेग किंवा दम जॉकी आणू शकत नाही. आहे तो दम वाचवणं, तो योग्य जागी खर्च करणं किंवा वाया घालवणं, एवढंच त्याच्या हातात असतं. घोडा दहा लेंग्थने, म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीने, हरला आणि वाटेत कुठे मोठा अडथळा आला नसेल, तर तो हिशेब जॉकीवर टाकता येत नाही. दोन लेंग्थच्या आतली हार असेल तर जॉकीचं काम बारकाईने तपासण्यासारखं असतं.

एक लेंग्थ म्हणजे सुमारे २.४ मीटर. भर वेगात घोडा दोनशे मीटर जवळपास बारा सेकंदांत कापतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात लेंग्थ. रेस सुटते त्या गेटमधून अर्धा सेकंद उशिरा निघालेला घोडा तीन-साडेतीन लेंग्थ गमावतो. हजार मीटरची रेस मिनिटाच्या आत संपते, तिथे ही भरपाई फार अवघड. २४०० मीटरला वेळ असतो, फक्त ती जागा एकदम न भरता हळूहळू भरून काढावी लागते. मागे पडलेला घोडा पहिल्याच चारशे मीटरमध्ये रेटून पुढे आणणं ही खरी जॉकीची चूक. त्याची किंमत स्ट्रेटमध्ये, म्हणजे शेवटच्या सरळ टप्प्यात, मोजावी लागते.

उशिरा निघणं मात्र प्रत्येक वेळी जॉकीचं नसतं. गेट उघडताना घोड्याचं डोकं कुठे होतं ते पाहा. मान बाजूला वळलेली, किंवा मागच्या पायांवर भार टाकून घोडा मागे रेललेला असेल, तर जॉकीला काही करता येत नाही.

'बाहेरून बाहेरून आणला म्हणून हरला' यात तथ्य किती?

याचा हिशेब मांडता येतो. अर्धवर्तुळाकार वळणावर घोडा आतल्या रेलिंगपासून जितका बाहेर, त्याच्या ३.१४ पट जास्त अंतर त्याला धावावं लागतं. एक घोडा बाहेर म्हणजे साधारण एक मीटर, म्हणजे वळणाला तीन मीटरहून थोडं जास्त, सव्वा लेंग्थ. तीन घोडे बाहेरून वळण घेतलं तर पावणेचार ते चार लेंग्थ गेल्या. महालक्ष्मीचा ट्रॅक सुमारे २४०० मीटरचा आहे. डर्बी ही इथली मोठी रेस २४०० मीटरची, तिच्यात पूर्ण फेरी होते, म्हणजे दोन वळणं. दोन्ही वळणांवर तीन घोडे बाहेर राहिलेला फेव्हरिट साडेसात लेंग्थ जास्त धावलेला असतो. तो दोन लेंग्थने हरला, तर त्या दिवशी सगळ्यात चांगला घोडा तोच होता असं बिनदिक्कत म्हणावं.

पण तो बाहेर का राहिला, हे पाहिल्याशिवाय जॉकीला दोष देऊ नका. गेट बाहेरचं मिळालं आणि लगेच वळण आलं, तर आत शिरायला जागाच नसते. काही घोडे गर्दीत दबतात, त्यांना मोकळं ठेवायला ट्रेनरच सांगतो. कधी आतल्या पट्ट्यातलं गवत जास्त वापराने उखडलेलं असतं आणि सगळे जॉकी समजून बाहेर येतात. मैदान जपायला आतल्या बाजूला तात्पुरतं रेलिंग लावून ट्रॅक सरकवतात, त्या दिवशीचे हिशेब वेगळे. आत भरपूर जागा असताना, मोकळा घोडा घेऊन, कारण नसताना कोणी रुंद वळला तरच ती चूक.

'एवढा मागे का ठेवला?' याचं उत्तर कुठे शोधायचं?

रेसच्या पेसमध्ये, म्हणजे सुरुवातीपासून रेस किती वेगाने पळवली गेली त्यात. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

पुढचा घोडा आरामात पळाला तर शेवटी त्याच्याकडे दम शिल्लक राहतो. समजा त्याने शेवटचे ४०० मीटर २३ सेकंदांत काढले. सहा लेंग्थ मागे असलेल्या फेव्हरिटला नुसती बरोबरी करायलाही तेच अंतर २२ सेकंदांच्या आसपास काढावं लागेल. तसं करणारे घोडे विरळा. इथे फेव्हरिट 'फ्लॅट पडला' असं दिसतं, प्रत्यक्षात तो पुढच्यापेक्षा वेगाने धावत असतो, पण जागा पुरत नाही. पेस मंद आहे हे ओळखून अर्ध्या रेसमध्येच पुढे सरकणं जॉकीचं काम होतं, आणि तसं झालं नसेल तर हार त्याच्या खाती.

उलटही घडतं. पुढे दोन-तीन घोडे एकमेकांना भिडून पहिले ६०० मीटर भलत्या वेगात काढतात. त्यांच्यासोबत गेलेला फेव्हरिट स्ट्रेटमध्ये थांबल्यासारखा होतो, आणि मागून कोणी नवखा घोडा येऊन जिंकतो. घोडा स्वतःच लगाम ओढत पुढे धावत असेल, तोंड उघडं, मान वर, तर जॉकीपुढे दोनच वाईट पर्याय उरतात: त्याच्याशी झगडून दम घालवायचा, किंवा सोडून देऊन दम घालवायचा.

पेस समजायला हातात घड्याळ घ्या. पहिल्या घोड्याचे पहिले आणि शेवटचे ६०० मीटर मोजा. शेवटचा टप्पा बराच जलद असेल तर पुढच्यांचा फायदा, बराच मंद असेल तर मागच्यांचा. पहिला टप्पा उभ्यावरून सुरू होतो, म्हणून त्याला एक-दोन सेकंदांची सूट द्या.

वजनाने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो अंतरावर अवलंबून असतो. रेसवाल्यांचा ढोबळ हिशेब असा: १००० मीटरला साधारण दीड किलो म्हणजे एक लेंग्थ, १६०० ला सुमारे एक किलो, २४०० ला त्याहूनही कमी. आपल्याकडे हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात त्या रेसमध्ये, घोड्याच्या रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. मागच्या वेळी आरामात जिंकलेला घोडा सहा-सात पॉइंट वर जातो आणि तीन-साडेतीन किलो जास्त घेऊन पळतो. पब्लिक मागची रेस आठवून पैसे लावतं, हँडिकॅपरने तीच रेस पाहून वजन वाढवलेलं असतं. म्हणून हँडिकॅपमधल्या फेव्हरिटच्या हारीत आधी वजनाचा कागद पाहावा. शिकाऊ जॉकीला वजनात सूट असते, तिच्या लोभाने अवघड घोड्यावर नवखा मुलगा बसवला तर तो निर्णय ट्रेनरचा आणि मालकाचा.

अंतर बदललं की काय होतं?

डिसेंबरमधल्या गिनीज या मोठ्या रेस १६०० मीटरच्या, इंडियन डर्बी फेब्रुवारीत २४०० मीटरची. मधले ८०० मीटर घोड्याच्या रक्तात आहेत की नाहीत, हे धावल्याशिवाय कळत नाही. १९४३ पासून दरवर्षी हाच प्रश्न विचारला जातो. गिनीजचा विजेता डर्बीत शेवटच्या २०० मीटरमध्ये आखडला, तर बापाचं आणि आईच्या बापाचं घराणं पाहा, जॉकीकडे नंतर वळा.

आपल्या किनारपट्टीच्या हवेचा संबंध किती?

बराच, आणि तो नेमका दुर्लक्षिला जातो. घोडा अंगातली उष्णता मुख्यतः घामाने टाकतो. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो. महालक्ष्मी अरबी समुद्राला खेटून आहे. डिसेंबर-जानेवारीत कोरडा वारा असतो तेव्हा ठीक, मार्च-एप्रिलच्या दुपारी तोच घोडा, रेसआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्येच, अर्धा दम हरवतो. घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा क्षार जास्त असतात. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड भरून काढले नाहीत तर स्नायू साथ देत नाहीत.

पॅडॉकमध्ये दोन गोष्टी पाहा. मांड्यांच्या मध्ये आणि मानेवर पांढरा फेस, डोळे भिरभिरते, तर घोड्याने रेसआधीच ताकद खर्च केली. दुसरी खूण याच्या उलट आणि जास्त गंभीर: बाकी सगळे घोडे ओले आणि एकाचंच अंग कोरडं, नाकपुड्या फुललेल्या, श्वास भरभर. घाम येणंच थांबण्याचा हा विकार उष्ण दमट प्रदेशात होतो. असा घोडा कागदावर कितीही मोठा असला तरी त्या दिवशी सोडावा.

पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. तिथे घाटमाथ्याच्या हवेत जिंकलेला घोडा बोरघाट उतरून मुंबईला येतो. वळणांवर तोल सांभाळत उभ्याने केलेला प्रवास, अनोळखी पाणी न पिणं, डोकं उंच बांधून ठेवलं तर श्वासनलिकेतली घाण खाली न निघणं, यातलं काहीही पहिल्या धावेत डोकं वर काढतं. रेसच्या आधी बरेच दिवस येऊन इथल्या ट्रॅकवर सरावाच्या धावा केलेला घोडा आणि ऐन वेळी आलेला घोडा यांना एका मापाने मोजू नका.

घोड्याला काही झालं असेल तर कळतं कसं?

घोडा एकदम थांबल्यासारखा झाला तर तीन शक्यता आधी तपासतात. पहिली, फुफ्फुसातला रक्तस्राव. जोरात पळणाऱ्या पुष्कळ घोड्यांच्या श्वासनलिकेत थोडंफार रक्त सापडतं, नाकातून मात्र फार थोड्यांच्या येतं. म्हणून नाक कोरडं दिसलं तरी पशुवैद्य रेसनंतर अर्ध्या-एक तासाने एंडोस्कोपने पाहतात. दुसरी, टाळूचा मऊ भाग जागेवरून सरकून श्वास अडवतो. शेजारून जाणाऱ्या जॉकीला गुरगुर ऐकू येते, आणि घोडा दोन ढांगांत वेग सोडतो. जीभ बांधून पळवतात ती त्याचसाठी. तिसरी, स्वरयंत्राची, बहुतेक डावी, बाजू लुळी पडणं. श्वास घेताना सुस्कारा येतो. भर वेगात घोडा प्रत्येक ढांगेला एक श्वास घेतो, त्यामुळे श्वासात जरा अडलं की ढांगच आखूड होते.

दुखणं बारीकही असू शकतं. अमेरिकेचा सेक्रेटॅरियट हा घोडा १९७३ मध्ये वुड मेमोरियल या रेसला फेव्हरिट असून तिसरा आला. त्याच्या तोंडात गळू झालं होतं, लगामाचा ताण सहन होत नव्हता. दोन आठवड्यांनी त्याच जॉकीने, रॉन टरकॉटने, त्याच्यावर केंटकी डर्बी १ मिनिट ५९.४ सेकंदांत जिंकली. तो विक्रम आजही कायम आहे. गळू सापडलं नसतं तर त्या हारीचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं असतं, ते उघड आहे.

नाल, खोगीर, ब्लिंकर यांमुळे रेस जाते का?

जाते. रेससाठी ॲल्युमिनियमची हलकी नाल मारतात. गेटमधून निघताना मागच्या पायाचा फटका बसून ती निसटली किंवा वळली, तर घोडा त्या पायाला जपत पळतो. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सैल राहिला तर खोगीर मागे सरकतं, जॉकीचा भार घोड्याच्या खांद्यावरून कमरेवर जातो आणि त्याला जोर लावता येत नाही. पातळ पोटाच्या घोड्यांना छातीचा पट्टा त्यासाठीच. पहिल्यांदा ब्लिंकर, म्हणजे बाजूचं दिसू न देणारी झापडं, चढवलेला घोडा बिथरून पुढे सुटू शकतो, म्हणून रेसकार्डवर त्याची खूण असते. ती वाचत जा.

जॉकीने घोडा 'ओढला' हे कसं ओळखायचं?

कोणी कधी ओढतच नाही असा आमचा दावा नाही. रेसवर देखरेख करणारे स्टुअर्ड, पुढून-बाजूने घेतलेली चित्रफीत आणि निलंबनाची शिक्षा हे सगळं त्यासाठीच आहे. फेव्हरिट अनपेक्षित हरला की स्टुअर्ड जॉकीला आणि ट्रेनरला बोलावून खुलासा मागू शकतात, पशुवैद्यांची तपासणी लावू शकतात, घोड्याचे नमुने उत्तेजकांच्या चाचणीला पाठवू शकतात. म्हणून आरडाओरड करण्यापेक्षा स्टुअर्डांचा अहवाल वाचावा.

स्वतः पाहायचं तर हात पाहा. मोकळी जागा असताना जॉकीचे कोपर मागे, लगाम ताणलेला, घोड्याची हनुवटी छातीकडे, आणि हे स्ट्रेटमध्येही तसंच, तर प्रश्न विचारायला जागा आहे. पण समोर भिंतीसारखे घोडे असतील तर लगाम ओढावाच लागतो, नाहीतर पुढच्याच्या टाचेत पाय अडकून दोघेही पडतात. आणि घोडा पायाने लंगडतो आहे असं जाणवलं तर त्याला थांबवणं हे जॉकीचं कर्तव्य. तिथे 'जिंकत होता, सोडून दिला' म्हणणाऱ्याने घोड्याच्या पायाचा विचार केलेला नसतो.

चाबूक कमी मारला म्हणून हरला का?

क्वचितच. चाबकाच्या वापरावर नियमांची मर्यादा आहे, आणि दमलेल्या घोड्याला मारून वेग येत नाही, तो बाजूला सरकतो. सरकला की दुसऱ्याची वाट अडते आणि जिंकलेली रेसही ऑब्जेक्शनमध्ये, म्हणजे हरकतीत, जाऊ शकते.

जॉकीचीच चूक होती अशी मोठी उदाहरणं आहेत का?

आहेत. १९८६ च्या इंग्लंडच्या डर्बीत डान्सिंग ब्रेव्ह हा घोडा फेव्हरिट होता. जॉकी ग्रेव्हिल स्टार्कीने त्याला फार मागे ठेवलं, उताराच्या वळणावर घोड्याचा तोल गेला, मग स्ट्रेटमध्ये तो विजेसारखा आला आणि शहरस्तानी या घोड्याला अर्ध्या लेंग्थने कमी पडला. पुढे त्याच उन्हाळ्यात पॅट एडरी या जॉकीला घेऊन त्याने किंग जॉर्ज रेसमध्ये शहरस्तानीला हरवलं, आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिसची आर्क ही रेस जिंकली. इथेही शुद्ध जॉकीची चूक म्हणायला जीभ थोडी अडखळते, कारण डर्बीचा पेस आणि ते अवघड वळण दोन्ही त्यात होतं.

अमेरिकेची झेन्याटा ही घोडी सलग १९ रेस जिंकली. २०१० च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये ती ब्लेम या घोड्याकडून अवघ्या डोक्याच्या अंतराने हरली. जॉकी माइक स्मिथने सगळा दोष स्वतःकडे घेतला. सुरुवातीला ती खूप मागे पडली होती आणि पुढून माती तोंडावर येत होती. एवढ्या कमी अंतराने गेलेल्या रेसमध्ये जॉकीचा एक निर्णय पुरेसा असतो, हे मात्र खरं.

रेसची चित्रफीत पाहायची तर कशी?

चार वेळा, प्रत्येक वेळी एकच गोष्ट. पहिल्यांदा फक्त गेट: पहिल्या पाच ढांगा, डोकं, धक्का. दुसऱ्यांदा फक्त पुढचा घोडा आणि घड्याळ. तिसऱ्यांदा फेव्हरिट वळणांवर रेलिंगपासून किती घोडे बाहेर आहे ते. चौथ्यांदा शेवटचे ४०० मीटर, समोरून घेतलेली फीत मिळाली तर तीच: कोण कुठे सरकलं, जॉकीला किती वेळा थांबून वाट बदलावी लागली. स्ट्रेटमध्ये लागल्यावर घोडा पुढे टाकायचा पाय बदलतो, एका बाजूच्या स्नायूंना विसावा मिळतो. पाय न बदलता तो आला तर दमणारच. प्रत्येक फेरीनंतर गमावलेल्या लेंग्थ लिहा. बेरीज हारीच्या अंतरापेक्षा जास्त आली तर घोडा निर्दोष, आणि त्यातल्या कोणत्या जॉकीला टाळता आल्या असत्या ते वेगळं मांडा.

अलिबागकडच्या पुळणीवरच्या घोडागाडी शर्यतींना हेच लागू का?

मूळ तत्त्व तेच, कारणं वेगळी. तिथे सगळ्यात मोठा घटक वाळू. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी मागे गेल्यावर ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा उघडा पडतो. त्यावर चाक रुतत नाही. ज्याच्या वाट्याला कोरडी भुसभुशीत वाळू आली, त्याचा घोडा कितीही उमदा असला तरी दुप्पट श्रमाने ओढतो. सुकतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, आणि शर्यत लांबली तर शेवटच्या गाड्यांना चढत्या पाण्यात पळावं लागतं. खारं पाणी आणि वाळू आसात गेली की चाक जड होतं, म्हणून शर्यतीच्या सकाळी चाक हाताने फिरवून पाहावं आणि जुनं वंगण पुसून नवं भरावं. यातल्या कशातही गाडीवानाचा दोष नसतो. वळणाच्या खुणेला गाडी फार रुंद फिरवली तर मात्र तो त्याचा.

हरलेल्या फेव्हरिटवर पुढच्या वेळी भरवसा ठेवावा का?

हार कशाने झाली त्यावर. वाट अडली, वळणं बाहेरून गेली, पेस जमला नाही, नाल निघाली, या कारणांची पुनरावृत्ती होईलच असं नाही. असा घोडा पुढच्या वेळी बऱ्या भावात मिळतो, तोच धरण्यासारखा. वजन वाढल्याने हरला असेल तर रेटिंग खाली येईपर्यंत थांबा. अंतर न झेपल्याने हरला असेल तर तो कमी अंतराला परत येईल तेव्हा पाहा. रक्तस्राव झालेला घोडा विश्रांतीनंतर आला, तरी त्याची पहिली धाव नुसती पाहावी, पैसा लावू नये. आणि जॉकी बदलला एवढ्या एका कारणावर भाव खाली आला असेल, तर आधीची चित्रफीत काढून लेंग्थ पुन्हा मोजा.